ठोका पुढे, रक्त मागे

मनगटावर बोट ठेवलं की जो ठोका लागतो, तो हृदयातून नुकत्याच निघालेल्या रक्ताचा, असा सर्वसाधारण समज आहे. बोटाला लागते ती खरं तर दाबाची लाट. हृदय आकुंचन पावलं की महारोहिणीची लवचीक भिंत ताणली जाते आणि हा ताण सेकंदाला ५ ते १० मीटर वेगाने पुढे सरकतो. रक्त मात्र महारोहिणीतही सरासरी २०-२५ सेंटिमीटरच जातं. त्या ठोक्याचं रक्त मनगटाशी येईपर्यंत हृदयाचे आणखी काही ठोके पडून गेलेले असतात.

पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी लांब उडतं. त्यावरून सर्वांत बारीक केशवाहिन्यांत रक्त सर्वांत जोरात धावत असेल, असं वाटतं. पण केशवाहिन्या अब्जावधी आहेत. त्यांच्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ महारोहिणीच्या शेकडो पट भरतं, त्यामुळे तिथे रक्त सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतं. हा संथपणा हवाच. ऑक्सिजन पेशींना मिळतो तो इथेच.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या समजाची. ‘रक्त घट्ट झालंय म्हणून बीपी वाढलं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ज्याँ प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८२८ साली रक्तदाब मोजायला पाऱ्याची नळी वापरली. आजही आपण दाब मिलिमीटर पाऱ्यातच सांगतो. पुढे बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून त्याने दाखवलं, की दाब तोच ठेवला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. नुसती १६ टक्के घटली, तरी तो अर्ध्यावर येतो! रक्तवाहिन्या काही ताठ काचनळ्या नव्हेत, तरी हिशेबाचा कल तोच राहतो. लहान रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू किंचित आवळले, की तेवढंच रक्त पुढे ढकलायला खूप जास्त दाब लागतो. लाल पेशी फार वाढल्या तर रक्त खरोखर दाट होतं, पण नेहमीच्या बीपीचं कारण ते नसतं.

म्हणून ॲम्लोडिपिनसारखी गोळी हे स्नायू सैल करते. ‘रक्त पातळ करायची’ म्हणून दिलेली ॲस्पिरिन रक्त पातळ करतच नाही; ती बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणजे गुठळी होण्याचा धोका कमी करते. तिने बीपी उतरत नाही. ‘एक चालू आहे ना’ म्हणून दुसरी परस्पर बंद करणं धोक्याचं आहे.

आणि बीपी मोजताना हात लोंबता ठेवू नका. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला, तर रक्ताच्या वजनामुळेच आकडा सुमारे ८ मिलिमीटरने जास्त दिसतो.