देखणेपणाची बातमी

सार्वजनिक जीवनात अधिकारपदावर असलेल्या स्त्रीच्या रूपावर किंवा पेहरावावर होणाऱ्या शेरेबाजीचा विचार करताना कुत्सित शेऱ्यांचा निषेध होतो आणि कौतुकाचे शब्द मात्र निरुपद्रवी समजून सोडून दिले जातात; प्रत्यक्षात या प्रश्नाचा अधिक गुंतागुंतीचा भाग कौतुकातच दडलेला आहे. पाकिस्तानच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री हीना रब्बानी खार जुलै २०११ मध्ये दिल्लीत आल्या, तेव्हा भारतीय वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्यांची महागडी हँडबॅग, मोत्यांचे दागिने आणि गॉगल यांची जी रसभरीत वर्णने केली, त्यांत द्वेषाचा लवलेशही नव्हता. त्याच भेटीत भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांच्याशी झालेल्या चर्चेत काश्मीरमधील नियंत्रण रेषेवरून चालणाऱ्या व्यापाराचे दिवस आठवड्याला दोनाचे चार करण्याचे ठरले होते. हा निर्णय किती वाचकांच्या ध्यानात राहिला असेल, याची शंकाच आहे.

पेहराव हा कधीच बातमीचा विषय होऊ नये, असे म्हणणेही योग्य ठरणार नाही. इराकी वृत्तपत्रांनी सर्पिणीची उपमा दिल्यावर संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेच्या तत्कालीन राजदूत मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी इराकविषयक बैठकीला मुद्दाम सापाच्या आकाराचा ब्रोच लावला होता. तेथे अलंकार हेच राजनैतिक विधान असल्याने त्याची दखल घेणे हे वार्ताहराचे कामच होते.

असे कारण नसताना लक्ष रूपाकडे वळवले, तर काय होते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. नेथन हेफ्लिक आणि जेमी गोल्डनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी सहभागींपैकी काहींना अमेरिकी राजकारणी सेरा पेलिन यांच्या दिसण्याविषयी, तर इतरांना एक व्यक्ती म्हणून त्यांच्याविषयी लिहायला सांगितले. दिसण्याविषयी लिहिणाऱ्यांनी नंतर पेलिन यांची कार्यक्षमता कमी लेखली. माणसाकडे विचार करणारी, निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून न पाहता शरीर म्हणून पाहणे, या प्रक्रियेला अभ्यासक ‘वस्तूकरण’ म्हणतात, आणि ती घडण्यासाठी पाहणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असावाच लागतो, असे नाही.

एप्रिल २०१३ मध्ये बराक ओबामा यांनी कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे त्या राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकारी, कमला हॅरिस यांच्या बुद्धिमत्तेची आणि खंबीरपणाची स्तुती केली. पण पुढे त्यांना देशातील सर्वांत देखण्या अ‍ॅटर्नी जनरल म्हटले आणि चर्चा झाली ती या शेवटच्या वाक्याचीच. ओबामांना हॅरिस यांची माफी मागावी लागली. स्नेह्याच्या थट्टेचा एवढा गाजावाजा कशाला, असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. तथापि पद आणि रूप एकाच वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या मनात रूपच उरते.

नोकरीच्या नियमांतही हीच दृष्टी शिरलेली असते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना (हे पदनामच पुरेसे बोलके आहे) पस्तिसाव्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणात, निवृत्त व्हावे लागे. पुढील मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर असे. या नियमांविरुद्धच्या नर्गेश मिर्झा खटल्यात तरुण आणि आकर्षक स्त्रीच प्रवाशांना अधिक चांगली हाताळू शकते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये अमान्य केला, गरोदरपणाची अट आणि संचालकांचा अनिर्बंध अधिकार रद्द ठरवला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट त्याच निकालाने कायम ठेवली.

पुरुषांना या तपासणीतून किती सूट मिळते, हे ऑस्ट्रेलियातील वृत्तनिवेदक कार्ल स्टेफानोविक यांनी दाखवून दिले. सहनिवेदिकेच्या कपड्यांवर सतत होणारी टीका पाहून त्यांनी सुमारे वर्षभर एकच निळा सूट वापरला आणि २०१४ मध्ये स्वतःच तसे जाहीर करीपर्यंत त्याची कोणी दखलही घेतली नाही.

अशा शेऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, असा सल्ला स्त्रियांना हमखास दिला जातो; पण एका पाहणीत वेगळेच चित्र दिसले. अमेरिकेत २०१३ मध्ये दीड हजार संभाव्य मतदारांच्या पाहणीत एका काल्पनिक महिला उमेदवाराच्या दिसण्याचे तटस्थ, स्तुतीपर आणि निंदापर असे तिन्ही प्रकारचे वर्णन तपासले गेले, तेव्हा तिन्ही प्रकारांत तिचा पाठिंबा घटला. परंतु तिने त्या वर्णनाला जाहीर आक्षेप घेतल्याचे मतदारांना कळताच गमावलेला पाठिंबा तिला पुन्हा मिळू लागला.