पिस्टन दाबायचा नाही, फिरवायचा

औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात 2001 साली स्कोडा ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली. मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या त्या पिढीतल्या गाड्या अजून धावताहेत, आणि सर्व्हिसचं बिल पाहिलं की मागचे ब्रेक पॅड घरीच बदलावेत, असं त्यांच्या मालकांना वाटतंच. काम अवघड नाही. गंमत अशी, की पुढचे पॅड बदलून हात बसलेलेच मागे जास्त फसतात.

पुढचा पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ आत जातो. मागचाही जाईल, या भरवशावर क्लॅम्प आवळला जातो. पिस्टन हलत नाही, मग आणखी जोर! पण या गाडीत हँडब्रेकची यंत्रणाही मागच्या कॅलिपरमध्येच असते. केबल ओढली की आतला मळसूत्री दांडा पिस्टनला पॅडवर रेटतो आणि पॅड झिजत जातील तसं वाढलेलं अंतर हेच मळसूत्र आपोआप भरून काढतं. म्हणून पिस्टन दाबून नाही, फिरवून आत न्यावा लागतो; त्याच्या तोंडावरच्या खाचा त्यासाठीच आहेत. त्यांत हत्यार अडकवून, दाब देत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की तो आत जातो. काही इतर गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो, म्हणून मॅन्युअल पाहिलेलं बरं. नुसत्या ताकदीने मळसूत्रच बिघडलं, तर अख्खा कॅलिपर बदलायची पाळी येते.

गाडी जॅकवर घेताना हँडब्रेक ओढायचा, हा एरवीचा शहाणपणा इथे आड येतो. ओढलेल्या हँडब्रेकने पॅड डिस्कला धरून ठेवलेले असतात. तेव्हा जमीन सपाट हवी, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे आणि वजन जॅकवर नव्हे, स्टँडवर.

आवाज नाही म्हणजे पॅड शाबूत, हेही खरं नाही. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या की आतला पॅड बाहेरच्याच्या आधी संपतो, आणि चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला दिसतो तो बाहेरचा. या ऑक्टेव्हियात पाठीच्या पत्र्यासह 7 मिमी जाडी उरली की पॅड बदलायचे. पिनांना साधं ग्रीस चालत नाही. त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं.

पॅड बदलले की ब्रेकमधली हवा काढावीच लागते, असंही ऐकू येतं. होज उघडला नसेल तर गरज नाही. मात्र पिस्टन आत सरकताना ऑइल टाकीत वर चढतं. पॅड झिजल्यामुळे खाली गेलेली पातळी कुणी मध्येच भरून ठेवली असेल, तर ते ओसंडून बॉनेटखालचा रंग खातं.

शेवटी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, गाडी हलवण्याआधी. पहिल्या दाबाला ते थेट तळाशी जातं. हँडब्रेक सैल लागला म्हणून लगेच केबल आवळू नये. कॅलिपरवरची हँडब्रेकची पट्टी पूर्ण मागे टेकते का, हे आधी पाहावं. ती अर्धवट ओढलेली राहिली, तर नवे पॅडही डिस्कला घासत राहतात.