दोन प्रयोग, एक टेम्पो

पहाटे ५.३०
गोडाऊनचं शटर वर जातं. पुण्यातल्या तीन प्रायोगिक नाट्यसंस्थांनी हे मिळून भाड्यानं घेतलंय. लेव्हल, फ्लॅट, ठोकळे सगळे सामाईक. मागच्या नाटकातला वाड्याचा ओटा या नाटकात एसटी स्टँडचा बाक झालाय. नेपथ्यकाराला अट एकच, खिळे ठोकायचे नाहीत, नटबोल्ट लावायचे. खिळ्यांनी प्लायचा दोन नाटकांत भुगा होतो. नाटक टेम्पोत मावेल एवढंच हवं, हे दिग्दर्शकाला तालमी सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलेलं असतं. तो कुरकुरतो, मग त्याला काहीतरी बरंच सुचतं.

७.३०
खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहा. आज साताऱ्यात दुपारी आणि संध्याकाळी असे दोन प्रयोग जोडून घेतलेत. एका प्रयोगासाठी सव्वादोनशे किलोमीटरचं डिझेल जाळायचं नाही, असं ठरवलंय.

९.३०
सेट लागतो. नटसुद्धा लेव्हल उचलतात. मुख्य भूमिकेतल्या ताईंच्या हातात पाना, आणि त्या बोल्ट आमच्यापेक्षा घट्ट आवळतात.

११.००
लाइट्स. जुना हॅलोजन पार दिवा हजार वॅटचा. असे दहा लावले की दहा किलोवॅट, वर त्या उष्म्याला एसी. एलईडी पार दीड-दोनशे वॅटमध्ये भागवतो. पण स्वस्तातला एलईडी मंद होताना शेवटी झटकन विझतो, आणि आमच्या तिसऱ्या प्रवेशात कंदील हळूहळू मालवायचा असतो. तिथे एक हॅलोजन ठेवलाय. तो हट्ट प्रकाशयोजनाकाराचा आहे आणि मला पटतो.

१.००
बचत गटाच्या ताईंकडचं जेवण, स्टीलच्या ताटांत.

१.४५
ग्रीनरूमच्या आरशाशेजारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता चिकटवते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसांच्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. आम्ही नऊ, म्हणून आमच्यासाठी जिल्ह्याची समिती. बहुतेक प्रायोगिक संस्था अशाच, दहाच्या आत. मग तक्रार कुणाकडे करायची, हे नव्या मुलीला कुणी सांगतच नाही. ‘आपण सगळे घरचेच’ म्हटलं की विषय संपतो, म्हणून तो कागद.

२.३०
पहिली घंटा.

५.००
दोन प्रयोगांमधला चहा. बॅकस्टेजचे काका छबिलदासचे दिवस सांगतात. १९७४ पासून दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ संस्थेनं प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा दिली. नेपथ्य मोजकं, तिकीट स्वस्त, सगळं आपल्या हातांनी. आम्हीही त्या साधेपणाचे गोडवे गातो. पण त्या पिढीतल्या कितीतरी जणांना एक तारखेला बँकेतून, सरकारी कचेरीतून पगार मिळायचा आणि त्यावर ती काटकसर तरून जायची.
“तुम्हाला कोण देतंय पगार?” काका विचारतात.
आमच्या टीममध्ये एकच पगारदार आहे. बाकीचे डबिंग, शिकवण्या, मालिकांतली फुटकळ कामं. फुकट राबणं ज्याला परवडतं तोच प्रायोगिक नाटकात टिकतो, आणि मग रंगमंचावर त्याच-त्या घरांतली, त्याच-त्या भाषेची माणसं दिसत राहतात.

६.००
दुसरी घंटा, दुसरा प्रयोग. खुर्च्या बऱ्या भरल्यात.

९.००
हिशोब सगळ्यांसमोर. दोनशेचं तिकीट, दोन प्रयोगांत २४० विकली गेली. पाचशेपर्यंतच्या नाट्यतिकिटाला जीएसटी नाही, म्हणजे पूर्ण ४८ हजार हातात. सभागृह १२, टेम्पो ७, माणसांची गाडी ८, लाइट-साउंड ५, खाणं साडेतीन. लेखकाला प्रयोगामागे पाचशे. उरलेल्यातून नऊ जणांना सारखी नाइट, प्रयोगाला सहाशे. मुख्य भूमिकेतल्या ताईंना तेवढीच, पडदा ओढणाऱ्या पोरालाही तेवढीच. शिल्लक ७०० रुपये.

११.४५
पुणे. दोघी मुलींना दारात सोडून गाडी पुढे. टेम्पो साताऱ्यातच थांबलाय. दिवसभर जागलेल्या ड्रायव्हरदादांना रात्री घाट उतरायला लावायचं नाही, मुक्कामाचे पैसे त्या सात हजारांत धरलेत.

१२.१५
वहीत ७०० लिहिते, ‘तालीम’ या सदरात. नाइट आम्ही देतो, तालमीचे पैसे कुणालाच देत नाही. दोन महिने रोज संध्याकाळी तीन तास, तेही नऊ जणांचे. निदान येण्या-जाण्याचं भाडं तरी द्यायचं म्हटलं, तर असे कितीतरी सातशे लागतील. सोमवारच्या बैठकीत तिकीट अडीचशे करायचा विषय मांडणार आहे, विद्यार्थ्यांसाठी शंभरच.