देश सरकतो, मग बांध कुठे राहतो?



मागे एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही रेकॉर्डिंगसाठी गेलो होतो. गावात नुकतीच जमिनीची मोजणी झाली होती. साखळी नाही की टेप नाही, काठीवर बसवलेलं रोव्हर यंत्र घेऊन मोजणीवाले बांधाबांधाने फिरले. जागा उपग्रहावरून कळते, असं त्यांनी सांगितलं. बैठकीत एका मावशींनी आम्हालाच विचारलं, “नातू म्हणतो, आपला भारत दरवर्षी पाच सेंटिमीटर सरकतो. मग दहा वर्षांनी माझा बांध कुठे असेल? शेजारणीच्या वावरात?”

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण धड उत्तर काही देता आलं नाही. म्हणून परत आल्यावर वाचलं, जाणत्यांना विचारलं. ते आज तुम्हाला सांगतो.

नातवाचं म्हणणं खरं आहे. उकडलेल्या अंड्याचं कवच टिचावं, तसं पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या तुकड्यांत फुटलेलं आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. आपण ज्या भूपट्टावर राहतो तो वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. आपली नखं वाढतात, जवळपास त्याच चालीने.

पण सरकतो म्हणजे कशाच्या मानाने? इथेच खरी गोम आहे.

बांधावरून दोन घरांत वाद झाला की प्रत्येक जण म्हणतो, “बांध तू कोरलास, माझा जागेवरच आहे.” अशा वेळी मोजणीवाला कुणाच्याच बांधापासून मापं घेत नाही. तो दोघांना मान्य असलेला हद्दीचा जुना दगड शोधतो. तो दगडच कुणी हलवलेला असेल, तर पुढची सगळी मोजणी चुकते.

पृथ्वीवर असा न हलणारा दगड कुठेच नाही. प्रत्येक दगड कुठल्या ना कुठल्या भूपट्टावर आहे आणि प्रत्येक भूपट्ट हलतो. म्हणून शास्त्रज्ञांनी पृथ्वीचा मध्य हाच आधार धरला आणि जगभरच्या शेकडो मोजणी केंद्रांची मापं एकत्र करून एक संदर्भ चौकट तयार केली. या केंद्रांत पक्क्या पायावर एक यंत्र बसवलेलं असतं. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ते वर्षानुवर्षं, रात्रंदिवस टिपत राहतं. आपल्याकडे बंगळूरु आणि हैदराबादला अशी केंद्रं आहेत. रोजच्या मापात थोडी चूक असते, पण काही वर्षांची मापं जुळवली की मिलिमीटरची हालचालही कळते.

या चौकटीतून बघितलं की सगळेच भूपट्ट सरकताना दिसतात. ते बरोबरच आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. समजा, तुम्ही बैलगाडीत बसून बाजाराला निघालात. गाडी किती पुढे गेली, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसतं. पण मागचं ज्वारीचं पोतं घसरतंय का, हे बघायचं तर गाडीत बसूनच बघावं लागतं. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांना हे पोतंच बघायचं असतं. भूपट्ट आख्खा सरकला तर काही मोडत नाही. त्याचा एखादा भाग अडकला, दबला, वाकला की ताण साठतो आणि एक दिवस तो भूकंप होऊन सुटतो.

म्हणून खंडाच्या आतली स्थिर जमीन धरून, म्हणजे गाडीत बसून मोजणारी वेगळी चौकट लागते. अशी चौकट बनवायचं मोठं काम उत्तर अमेरिकेत झालं. तिथे पश्चिम किनाऱ्याला दोन भूपट्ट एकमेकांना घासत जातात, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर. सन १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात तिथली जमीन काही ठिकाणी सुमारे ६ मीटर सरकली होती. या शतकाच्या सुरुवातीला त्या पट्ट्यात हजाराहून जास्त मोजणी केंद्रं उभी राहिली. पण त्यांची मापं धरायची कशापासून? तर किनाऱ्यापासून लांब, खंडाच्या मधल्या न वाकणाऱ्या भागापासून, असं ठरलं.

तो भाग न वाकणारा आहे, हे तरी कशावरून? त्यासाठी आतल्या भागातली पुष्कळ केंद्रं घेतली. सगळ्यांची मिळून सामाईक चाल किती, ते काढलं आणि प्रत्येकाच्या मापातून ती वजा केली. बाकी शून्याच्या जवळ आली तर ते केंद्र ठेवायचं. जे केंद्र आपल्याच तालात हलतंय, ते गाळायचं.

केंद्रं गाळायची कारणं आपल्यालाही पटतील अशीच आहेत. कुठे इमारत खचते, कुठे जमीन पोकळ होते. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात शेतीसाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं, की १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे साडेआठ मीटर खाली बसली. अशा जमिनीवरचं यंत्र भूपट्टाची नाही, बोअरवेलची गोष्ट सांगतं!

याहून मोठी अडचण कॅनडात आली. हजारो वर्षांपूर्वी तिथे किलोमीटरभराहून जाड बर्फ होता. त्या भाराने जमीन दबली होती. बर्फ वितळून गेला, पण उशी दाबून हात काढला की ती सावकाश वर येते, तशी हडसन उपसागराच्या भोवतालची जमीन आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येते आहे. म्हणजे खंडाचा जो मधला भाग स्थिर धरला, तोही पुरता स्थिर नव्हता. मग या उचलीचा हिशेब वेगळा मांडून तो चौकटीत घालावा लागला.

आता आपल्याकडे येऊ. दख्खनच्या केंद्रांमधली अंतरं जवळजवळ बदलत नाहीत, म्हणून भारतीय भूपट्टाचा हा भाग स्थिर धरतात. इथे बसून उत्तरेकडे पाहिलं की हिमालय वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर आवळला जातो आहे, असं दिसतं. शंभर वर्षांत ते दोन मीटर होतात. हाच ताण काही भागात २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये सुटला आणि सुमारे नऊ हजार माणसं गेली. ताण कुठे साठतोय, हे या मापांतून कळतं. तो कोणत्या दिवशी सुटेल, ते कळत नाही. म्हणून “उद्या भूकंप” असा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नका.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. ‘स्थिर’ हा मोजणीतला शब्द आहे, त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा नाही. आपलं दख्खन स्थिर समजलं जायचं. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, हेच त्यांच्या अंगावर आलं. वर्षाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ताण साठत असेल तर यंत्राला तो सहज दिसत नाही, पण शेकडो वर्षांत त्याची बेरीज होते. म्हणून घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा घालायला गवंड्याला सांगा. आणि तो घातला का, हे स्वतः उभं राहून बघा.

राहिला मावशींचा प्रश्न. मावशी, तुमचा बांध, शेजारणीचं वावर आणि मधली विहीर, सगळं एकाच गाडीत बसलेलं आहे. गाडी पुढे गेली तरी आतलं अंतर तेवढंच राहतं. फक्त उपग्रहाने दिलेले जागेचे आकडे हळूहळू बदलतात. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. तिथल्या सरकारी नकाशांचे आकडे १९९४ च्या हिशेबाचे होते. ते २०२० च्या हिशेबाने बदलले तेव्हा सुमारे १.८ मीटरचा फरक निघाला. पण कुणाचं कुंपण काही हललं नाही. म्हणून यंत्राच्या आकड्यासोबत तो कधीचा आणि कोणत्या चौकटीतला, हेही लागतं. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा आणि हद्दीच्या खुणा शेजाऱ्यांसमोर पक्क्या करून घ्या.

तेव्हा मावशी, देश सरकला म्हणून बांध सरकत नाही. बांध सरकलाच, तर तो कुणीतरी कोरलेला असतो!