आठव्या हेन्रीचे सहा विवाह : लोकप्रिय इतिहास आणि विवाहाच्या वैधतेचा प्रश्न

प्रस्तावना

ट्यूडर घराण्यातील आठवा हेन्री (राज्यकाल १५०९ ते १५४७) हा इंग्लंडच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिला गेलेला राजा होय. या चर्चेचा मोठा भाग त्याच्या राज्यकारभाराविषयी नसून त्याच्या सहा विवाहांविषयी आहे. ब्रिटनमधील शाळकरी मुले या सहा राण्यांचा क्रम एका यमकबद्ध ओळीने लक्षात ठेवतात. तीत प्रत्येक राणीसाठी एकच शब्द असून तो तिच्या विवाहाचा शेवट सांगतो. त्यानुसार पहिल्या व चौथ्या राणीचा घटस्फोट झाला, दुसरीचा व पाचवीचा शिरच्छेद झाला, तिसरी मरण पावली आणि सहावी मागे उरली.

पाठांतरासाठी ही मांडणी सोयीची असली, तरी ऐतिहासिकदृष्ट्या ती सदोष आहे. आजच्या अर्थाने हेन्रीने एकाही राणीशी घटस्फोट घेतला नव्हता. या एका शब्दाच्या चुकीमुळे त्याच्या विवाहांमागील खरा राजकीय प्रश्न कसा झाकला जातो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घटस्फोट आणि शून्य विवाह

घटस्फोटात पूर्वी अस्तित्वात असलेला वैध विवाह संपुष्टात येतो. विवाह शून्य ठरविला जातो तेव्हा मात्र तो कायद्याच्या दृष्टीने कधी झालाच नव्हता असे मानले जाते. भारतीय वाचकाला हा भेद अपरिचित नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये शून्य विवाहाची तरतूद कलम ११ मध्ये, तर घटस्फोटाची तरतूद कलम १३ मध्ये आहे. शून्य विवाहातील अपत्यांना कलम १६ औरस मानते. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हेन्रीच्या मुलींना असे संरक्षण मिळाले नाही.

हेन्रीच्या सहा विवाहांपैकी तीन शून्य ठरविले गेले : पहिला १५३३ मध्ये, दुसरा १५३६ मध्ये आणि चौथा १५४० मध्ये. यमकातील ओळीत यांपैकी दुसऱ्याचा उल्लेखही होत नाही. तेथे केवळ शिरच्छेद उरतो.

पहिला विवाह आणि रोमशी संघर्ष

ॲरॅगॉनची कॅथरीन ही स्पेनच्या फर्डिनंड व इसाबेला यांची कन्या होती. तिचा पहिला विवाह १५०१ मध्ये हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर याच्याशी झाला. पुढील वर्षी आर्थरचे निधन झाले. भावाच्या विधवेशी विवाह करण्यास पोप दुसरा ज्युलियस याने विशेष अनुमती दिली आणि ११ जून १५०९ रोजी हेन्री व कॅथरीन यांचा विवाह झाला. १५१३ मध्ये हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवर असताना राज्याचा कारभार कॅथरीनच्या हाती होता. त्याच काळात फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स मारला गेला.

या विवाहातून मेरी (जन्म १५१६) ही एकच मुलगी जगली. पुत्राच्या अभावी हेन्रीने पोपची मूळ अनुमतीच बायबलच्या आज्ञेविरुद्ध असल्याचा युक्तिवाद केला. परंतु १५२७ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने रोम लुटले होते आणि चार्ल्स हा कॅथरीनचा भाचा होता. त्यामुळे पोप सातवा क्लेमंट याला हेन्रीच्या बाजूने निर्णय देणे कठीण होते. अखेर १५३३ मध्ये रोमकडे अपील करण्यास कायद्याने बंदी घालण्यात आली आणि २३ मे रोजी आर्चबिशप क्रॅनमर याने हा विवाह शून्य घोषित केला. १५३४ च्या कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. निर्णय कोणाच्या अधिकारात, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न होता.

दुसरा व चौथा विवाह

ॲन बोलीन हिच्यावर व्यभिचार व राजद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. १७ मे १५३६ रोजी तिचा विवाह शून्य ठरविण्यात आला आणि १९ मे रोजी तिचा शिरच्छेद झाला. जी कायद्याने कधी पत्नीच नव्हती, तिचा पतीशी व्यभिचार कसा, ही विसंगती उघड आहे. मृत्युदंड निश्चित असताना विवाहही शून्य ठरविण्याचा परिणाम तिच्या मुलीवर झाला. एलिझाबेथ तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती.

क्लीव्ह्जच्या ॲनबाबत लोकप्रिय लेखन तिच्या कुरूपतेवर थांबते. तिला उद्देशून हेन्रीच्या तोंडी घातली जाणारी घोडीची उपमा समकालीन साधनांत नसून नंतरच्या काळातील लेखनात आढळते. जानेवारी १५४० मध्ये झालेला हा विवाह जुलैमध्ये पूर्वीच्या वाग्दानाचा व विवाह पूर्णत्वास न गेल्याचा आधार घेऊन शून्य ठरविला गेला. ॲनने विरोध केला नाही. तिला रिचमंड व हीव्हर येथील मालमत्ता मिळाली आणि 'राजाची बहीण' असा दर्जा लाभला. सहा राण्यांपैकी सर्वांत शेवटी, १५५७ मध्ये, तिचे निधन झाले. म्हणजे 'मागे उरलेली' राणी खऱ्या अर्थाने तीच ठरते. कॅथरीन पार १५४८ मध्येच निवर्तली होती.

मुलींवरील परिणाम

१५३३ नंतर मेरीची राजकन्या ही पदवी गेली व तिला धाकट्या सावत्र बहिणीच्या परिवारात राहावे लागले. १५३६ मध्ये आपल्या आईचा विवाह अवैध होता, अशा मजकुरावर तिला स्वाक्षरी करावी लागली. त्याच वर्षीच्या कायद्याने दोन्ही बहिणी अनौरस ठरल्या. १५४४ च्या वारसा कायद्याने जेन सीमोरचा पुत्र एडवर्ड याच्यानंतर त्यांना क्रम मिळाला, पण औरसत्व मिळाले नाही. राणी झाल्यावर मेरीने १५५३ मध्ये संसदेकडून आईचा विवाह वैध ठरवून घेतला. एलिझाबेथने १५५९ मध्ये आपला राज्याधिकार मान्य करून घेतला. आईच्या विवाहाचा निर्णय मात्र तिने तसाच राहू दिला.

लोकप्रिय इतिहासाचे स्वरूप

लोकप्रिय इतिहास व्यक्तिकेंद्री असतो. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रपटात सुमारे चोवीस वर्षे राणी असलेली कॅथरीन गाळलीच आहे. याउलट १९७० च्या बीबीसी मालिकेने प्रत्येक राणीला स्वतंत्र भाग दिला, तर २०१७ मध्ये प्रथम सादर झालेल्या 'सिक्स' या संगीतिकेत राण्या स्वतःची कथा स्वतः सांगतात. अँटोनिया फ्रेझर (१९९२) व डेव्हिड स्टार्की (२००३) यांच्या ग्रंथांनी सामान्य वाचकापर्यंत मूळ साधनांचा अभ्यास पोहोचविला. तेव्हा लोकप्रिय इतिहास सरसकट त्याज्य मानणे योग्य होणार नाही. तो वाचकाला विषयाच्या दारापर्यंत आणतो, हे त्याचे मोल मान्य केले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, हेन्रीच्या विवाहांचा इतिहास हा पती-पत्नींच्या बेबनावापुरता मर्यादित नाही. विवाह वैध की अवैध हे ठरविण्याचा अधिकार रोमकडून इंग्लंडच्या राजाकडे व संसदेकडे कसा आला, याचा तो इतिहास आहे. 'घटस्फोट' या शब्दाने हे स्थित्यंतर दृष्टिआड होते आणि त्याची किंमत मोजणाऱ्या दोन मुलीही दृष्टिआड होतात. अध्यापनात यमकाची ओळ जरूर वापरावी. मात्र तिच्यातील पहिल्याच शब्दापाशी थांबून त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना विचारावा. या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.