वारशानें आलेलीं पदकें

खंडेनवमीस शस्त्रें म्हणून पुजावयास आमच्या घरीं फारसें कांहीं नसे. विळी, अडकित्ता, एक गंजलेली गुप्ती आणि एका डबींतील दोन पदकें, एवढाच आमचा शस्त्रसंभार! पदकें आमच्या आजेचुलत्यांचीं. पहिल्या महायुद्धांत ते लष्कराबरोबर बसऱ्यास गेले होते. तीं घासण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. चिंच आणि राखुंडी घेऊन आम्ही तीं इतक्या निष्ठेनें घाशीत असूं कीं, "आतां कशीं आरशासारखीं झालीं!" असें आजी म्हणे, आणि त्या शाबासकीसाठीं पुढील वर्षीं आम्ही आणखी जोर लावीत असूं.

परवां नातवानें विचारलें, "आजोबा, ते तिकडे होते तरी कोण?" घरांत त्यांस कोणी कारकून म्हणे, कोणी कंपाउंडर. त्यांचीं पत्रें १९६१ सालीं पानशेतच्या पुरांत गेलीं. उरला पुरावा पदकांच्या कडेवरचा. कारण त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर धारकाचा क्रमांक, हुद्दा, नांव आणि पलटण किंवा खातें इंग्रजी अक्षरांत ठसविलेलें असे. भिंग लावून पाहिलें, तों रुप्याच्या पदकावर आडनांवाचीं दोन अक्षरें व एक आंकडा! दुसऱ्यावर तेंहि नाहीं. बाकी सर्व आम्हीच चिंचेबरोबर धुऊन टाकलें होतें.

अशीं पदकें महाराष्ट्रांत अनेक घरीं असतील. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलपर्यंत कुट-अल-अमारा येथील वेढ्यांत अडकल्या होत्या. त्या युद्धाच्या एका पदकावर पांचव्या जॉर्जचें मुख आणि उलट बाजूस घोडेस्वार असतो. दुसरें पितळी रंगाचें, पंख असलेल्या विजयदेवतेचें. पहिलें बहुधा रुप्याचें असे. परंतु हिंदी मजूर तुकड्यांतील लोकांस तेंच पदक कांशाचें मिळालें. तें मळलेलें रुपें समजून कोणी खरवडूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवरहि हिंदी सैनिकांचीं नांवें मागील बाजूस कोरलेलीं असतात.

म्हणून वाचकांस पहिली विनंती ही कीं, पदकास हात लावण्यापूर्वीं त्याची कड वाचावी. तिरप्या उजेडांत भिंगानें अक्षरें पाहून कागदावर उतरून घ्यावीं आणि छायाचित्र काढून ठेवावें.

रुपें काळवंडतें तें हवेंतील गंधकाच्या संयोगामुळें. या काळेपणानें पदक झिजत नाहीं. तो घालविण्याच्या खटपटीनें मात्र झिजतें, कारण त्या थरांत रुपेंच गुंतलेलें असतें. प्रत्येक घासणीबरोबर अक्षरांच्या कडा बोथट होतात. कांसें व पितळ यांवर आलेला तपकिरी रंगहि त्यांचें संरक्षण करीत असतो. यास्तव चिंच, लिंबू, राखुंडी, रांगोळी, दंतमंजन हीं सर्व वर्ज्य. बाजारांतील रुपें उजळण्याचे द्रवहि नकोत. ते कडीच्या सांध्यांत शिरून राहतात.

मग करावें काय? बहुतेक वेळां कांहींच करूं नये. हात धुऊन, सुती मोजे घालून, पदक कडेनें धरावें आणि मऊ केसांच्या कुंचल्यानें धूळ झाडावी. चिकट मळ असेल, तर फीत काढून, ऊर्ध्वपातित पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून कापसाच्या बोळ्यानें हलकेंच टिपावें, साध्या ऊर्ध्वपातित पाण्यानें पुसावें व लगेच कोरडें करावें. मिन्याचें काम असल्यास पाणी लावूं नये. फिकट हिरवी भुकटी सुटूं लागली असेल, तर तो धातूचा रोगच समजावा. कोंकणच्या खाऱ्या हवेंत हें विशेष संभवतें. तेथें घरगुती उपचार न करितां जाणकारांकडे जावें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जतनाचें स्वतंत्र केंद्र आहे.

फीत धुऊं नये, इस्त्री करूं नये, रंग फुटतो. ती फाटली असेल, तर नवी लावून जुनी जपून ठेवावी. पदकें एकमेकांवर आपटूं देऊं नयेत. प्रत्येक निराळ्या आम्लविरहित कागदांत गुंडाळून बंद डबींत ठेवावें. लोकर, रबर, वर्तमानपत्राचा कागद आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या यांपासून तीं दूर असावीं. पावसाळ्यांत डबींत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळीं बदलावी. पूजा अवश्य करावी. हळदकुंकू मात्र डबीस वाहावें, पदकास नव्हे.

यंदा खंडेनवमीस आम्ही तसेंच केलें. वाचतां आलीं तेवढीं अक्षरें व आंकडा एका चिठ्ठीवर लिहून ती डबींत ठेविली, आणि नातवास सर्व समजावून सांगितलें. जन्मभर वर्गांत आम्ही सांगत आलों कीं, जें क्षरत नाहीं, म्हणजे झिजत नाहीं, तें अक्षर. ही व्युत्पत्ति शिकविणाऱ्याच्याच हातून घरचीं अक्षरें झिजलीं! नातवानें डबी उचलली, निरखून पाहिली आणि विचारलें, "म्हणजे, आजोबा, आतां घासायचें नाहीं ना?" आम्ही म्हटलें, "नाहीं रे बाबा. आतां वाचायचें."