सोलापूरचे तीन दिवस

दौंडाहून रेल्वे सोलापूरला जाते. त्या शहराची ही हकीकत आम्ही सांगतो.

१९३० सालचा मे महिना. सरकारने गांधीजींना पकडले. गिरणीकामगारांनी काम बंद केले. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडे तोडू लागले. पोलिसांनी गोळी झाडली. शंकर शिवदारे ठार झाला. लोक खवळले. कोर्ट जाळले. पोलीसही मेले; तेही सांगितले पाहिजे.

पोलीस शहरातून निघून गेले. मग तीन दिवस रहदारी कोणी सांभाळली? काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी!

१२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा आला. तिरंगा हाती धरणे गुन्हा ठरला.

पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले. कुठे? आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात.